मोत्या जीभ का बाहेर काढतो?

वार्षिक परीक्षा संपली आणि मे महिन्याची सुट्टी लागली की आजऱ्यातील मुलांचे पाय आपोआप हिरण्यकेशीकडे वळतात. आंबोलीजवळ उगम पावणारी ही नदी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आजरा तालुक्यातून पूर्वेकडे वाहत जाते. गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर तिच्या काठी रामतीर्थ आहे. पावसाळ्यात येथे पाणी खडकांवरून गर्जना करीत कोसळते. उन्हाळ्यात मात्र प्रवाह बारीक होतो, खडक उघडे पडतात आणि मधूनमधून शांत डोह दिसू लागतात. काठाला झाडांची सावली असते. वाटेवर करवंदांच्या जाळ्या असतात. सहलीला आणखी काय हवे?

हवेत मित्र! आणि मित्रांबरोबर त्यांचे कुत्रेही आलेच. समजा, तुम्ही चौघे-पाचजण अशा सहलीला निघाला आहात. तुमच्याबरोबर तुमचा मोत्या आहे. साधा गावठी कुत्रा, वजन सुमारे १५ किलोग्रॅम. एका मित्राचा अंगावर दाट केस असलेला वाघ्या आहे. मुंबईहून सुट्टीला आलेल्या दुसऱ्या मित्राने आपला चपट्या नाकाचा पग आणला आहे. गावाबाहेर पडताच कुत्रे उधळतात, पुढे धावतात, परत येतात, पुन्हा धावतात. थोड्याच वेळात तिघांच्याही जिभा बाहेर लोंबू लागतात आणि धाप लागते. तुम्हांला घाम येतो, पण मोत्याच्या अंगावर घामाचा थेंबही दिसत नाही. असे का व्हावे बरे?

ह्या एका प्रश्नात पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र ही दोन्ही दडलेली आहेत. शिवाय त्याचे उत्तर माहीत असणे ही नुसती परीक्षेपुरती गोष्ट नाही. उन्हाळ्यात एखाद्या कुत्र्याचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो. तर मग पाहू या.

धावणारी भट्टी

माणूस आणि कुत्रा हे दोघेही समतापी प्राणी आहेत. म्हणजे बाहेर थंडी असो वा ऊन, त्यांच्या शरीराचे आतील तापमान जवळजवळ कायम राहते. आपले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. निरोगी कुत्र्याचे थोडे अधिक, म्हणजे ३८.३ ते ३९.२ अंशांच्या आसपास असते. म्हणूनच मोत्याच्या पोटाला हात लावला की तो आपल्याला उबदार वाटतो.

ही ऊब येते कोठून? अन्नातून. भाकरीतील पिष्टमय पदार्थांचे शरीरात मंद ज्वलन होते आणि त्यातून ऊर्जा मिळते. स्नायू ही ऊर्जा हालचालीसाठी वापरतात खरे, पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. मिळालेल्या ऊर्जेचा साधारणपणे चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या भागाची लगेच उष्णता होते. सपाट जमिनीवर धावताना तर कामी आलेला भागही घर्षणात आणि पाय आपटण्यात खर्च होऊन शेवटी बहुतांशी उष्णताच बनतो.

आता थोडे गणित करू. धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला अंदाजे १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे १५ किलोग्रॅमचा मोत्या एक किलोमीटर धावला की त्याच्या शरीरात सुमारे १५ किलोकॅलरी उष्णता तयार होते.

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. प्राण्याच्या शरीरात बरेचसे पाणीच असते, पण हाडे आणि चरबीही असते. म्हणून शरीराच्या बाबतीत हा आकडा सुमारे ०.८३ इतका धरतात. तेव्हा,

मोत्याचे तापमान एक अंशाने वाढण्यास लागणारी उष्णता = १५ × ०.८३ = सुमारे १२.५ किलोकॅलरी.

आकडे नीट पाहिलेत ना? एका किलोमीटरमध्ये १५ किलोकॅलरी तयार होते, आणि एका अंशाला १२.५ पुरते. म्हणजे तयार झालेली उष्णता बाहेर टाकता आली नसती, तर दर किलोमीटरला मोत्याचे तापमान एका अंशापेक्षा अधिक वाढत गेले असते! ३९ अंशांवर निघालेला मोत्या चार किलोमीटरमध्ये ४३ अंशांच्या पुढे गेला असता. इतक्या तापमानाला शरीरातील प्रथिने बिघडू लागतात. यकृत, मूत्रपिंडे, मेंदू ह्यांना इजा होते. कुत्र्याच्या बाबतीत ४१ अंशांच्या पुढेच खरा धोका सुरू होतो.

आणि सहलीत मोत्या किती धावतो? तुम्ही वाटेने सरळ चालता. तो मात्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे हुंदडत असतो. तुमच्या एका किलोमीटरला त्याचे सहज दोन होऊ शकतात.

उष्णता बाहेर टाकण्याचे चार मार्ग

तापलेली वस्तू चार मार्गांनी थंड होते. पहिला मार्ग वहनाचा. थंड फरशीवर कुत्रा पोट टेकून पसरतो, तेव्हा त्याच्या अंगातील उष्णता फरशीत जाते. दुसरा अभिसरणाचा. वारा आला की अंगाजवळची गरम हवा निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. तिसरा प्रारणाचा. उष्ण वस्तू आपल्याहून थंड असलेल्या भोवतालाकडे उष्णता फेकते.

हे तिन्ही मार्ग भोवताल आपल्यापेक्षा थंड असेल तरच चालतात. दुपारच्या उन्हात खडक, जमीन आणि हवा तापली की ते जवळजवळ बंद पडतात. इतकेच नव्हे, तर उलटे चालू लागतात आणि बाहेरची उष्णता शरीरात शिरू लागते.

मग उरतो चौथा मार्ग, बाष्पीभवनाचा. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. तापमान न वाढविता केवळ द्रवाचा वायू करण्यात खर्च होणाऱ्या ह्या उष्णतेला अप्रकट उष्णता म्हणतात. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माठातील पाणी गार होते ते ह्याच कारणाने. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती आतील उष्णता घेऊन जाते.

आता मोत्याच्या एका किलोमीटरच्या १५ किलोकॅलरी, म्हणजे १५,००० कॅलरी ह्या हिशेबाने किती पाण्यात बाहेर जातील? १५,००० ÷ ५८० = सुमारे २६ ग्रॅम. जेमतेम पाच चहाचे चमचे पाणी! एवढ्याशा पाण्याची वाफ झाली की एका किलोमीटरची सारी भट्टी थंड. निसर्गाची ही युक्ती किती स्वस्त आणि किती प्रभावी आहे, पाहा.

माणसाच्या कातडीत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यामुळे आपले सारे अंगच माठासारखे पाझरते. कुत्र्याच्या अंगावर मात्र केसांचे आवरण असते. घामाने शरीर थंड करणाऱ्या ग्रंथी त्याला प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांवरच असतात. चार लहानशा तळव्यांनी काय भागणार? म्हणून कुत्र्याने बाष्पीभवनासाठी दुसरी ओली जागा निवडली आहे. ती म्हणजे नाक, तोंड आणि जीभ.

धापेमागचे शास्त्र

स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेतो. उष्मा झाला की हाच आकडा एकदम ३०० च्या घरात जातो. म्हणजे सेकंदाला पाच श्वास! जिभेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तिच्यातून वाहणारे रक्त कितीतरी वाढते. रक्त शरीरातील उष्णता जिभेपर्यंत आणि नाकापर्यंत आणते आणि तेथील ओलाव्याची वाफ ती घेऊन जाते.

येथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. इतक्या जलद श्वासोच्छ्वासाला स्नायूंचे श्रम पडतात. श्रमांनी आणखी उष्णता तयार होणार! मग लाभ काय?

ह्या शंकेचे उत्तर १९६२ साली क्रॉफर्ड ह्या शास्त्रज्ञाने केलेल्या अभ्यासातून मिळाले. झोपाळ्याला झोका देताना तुम्ही काय करता? झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा धक्का देता. मग थोड्या श्रमात तो उंच जातो. लय चुकवून धक्के दिलेत तर दमून जाल. ह्या मेळालाच अनुस्पंदन म्हणतात. कुत्र्याची छाती आणि पोट ह्यांचीही अशी एक स्वाभाविक लय असते आणि कुत्रा नेमका त्या लयीतच धापा टाकतो. त्यामुळे त्याला श्रम थोडे पडतात. कुत्र्याचा श्वास हळूहळू न वाढता एकदम संथ श्वासावरून धापेवर उडी मारतो, त्याचे मर्म हेच.

दुसरी शंका अशी. आपण मुद्दाम जोरजोराने श्वास घेतले तर चक्कर येते, कारण रक्तातील कार्बन डायॉक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग कुत्र्याला चक्कर का येत नाही? तर त्याचे हे श्वास अगदी उथळ असतात. हवा बहुतांशी नाक, तोंड आणि श्वासनलिका ह्यांतच ये-जा करते. फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत तिचा फारच थोडा भाग पोहोचतो. वारा घातला जातो तो ओल्या पृष्ठभागावर. रक्तातील वायूंचा तोल फारसा बिघडत नाही. धाप फार वेळ आणि फार तीव्र चालू राहिली, तर मात्र हा तोलही ढळतो.

तिसरी गंमत त्याहून मोठी आहे. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ नुट श्मिट-नील्सन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७० साली दाखवून दिले की, धापा टाकणारा कुत्रा हवा बहुतांशी नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. असे कशासाठी? नाकाच्या आतील पृष्ठभागावरून आत जाताना हवा तेथील ओलावा शोषते आणि नाक थंड करते. हीच दमट गरम हवा परत नाकातूनच बाहेर पडली असती, तर थंड नाकावर तिची वाफ पुन्हा पाणी झाली असती आणि घेतलेली उष्णता तेथेच परत दिली गेली असती. थंडीत पाणी आणि ऊब वाचवायला हे बरे. उन्हाळ्यात मात्र उष्णता परत नको असते. म्हणून बाहेर जाण्याची वाट निराळी! किती हवा नाकाने सोडायची आणि किती तोंडाने, हे गरजेप्रमाणे बदलून कुत्रा जणू उष्णतेचा नळ कमी-जास्त करतो. नाकातील ओलावा कायम ठेवण्यासाठी तेथे एक खास ग्रंथी पाणी पुरविते, हेही १९७२ साली संशोधकांनी दाखविले.

तेव्हा ‘जीभ बाहेर काढून कुत्रा थंड होतो’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. लोंबणारी जीभ आपल्याला दिसते, पण न दिसणाऱ्या नाकाचे काम तितकेच मोठे आहे. आता मुंबईहून आलेल्या पगकडे पाहा. त्याचे नाक माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड केले. नाक आखूड म्हणजे बाष्पीभवनाची जागा कमी आणि हवेची वाट अरुंद. मोत्याला जे ऊन सोसते, ते ह्या बिचाऱ्याला सोसत नाही, ह्यात नवल ते काय? तुमच्या टोळीत सर्वांत आधी काळजी घ्यायची ती त्याची.

नागपूरचे ऊन आणि आजऱ्याचा उकाडा

आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्या आजऱ्याला नागपूरसारखे ऊन कोठे आहे? मग भीती कशाला?’ हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे.

बाष्पीभवन किती होणार, हे केवळ तापमानावर नव्हे, तर हवेतील आर्द्रतेवरही अवलंबून असते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर ती आणखी बाष्प घेण्यास नाखूष असते. धुतलेले कपडे पावसाळ्यात वाळत नाहीत, तसेच हे. हवेची ही ‘सुकविण्याची शक्ती’ मोजण्याची एक सोपी रीत आहे. दोन तापमापक घ्यायचे आणि एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे. बाष्पीभवनामुळे ओल्या फुग्याचा पारा खाली उतरतो. तो जेथे स्थिर होतो, त्याहून अधिक थंड होणे केवळ बाष्पीभवनाने शक्य नसते.

दोन दिवसांची तुलना करू. एका दिवशी तापमान ४२ अंश, पण सापेक्ष आर्द्रता अवघी १५ टक्के. विदर्भातील कोरड्या उन्हाचा हा दिवस. ह्या हवेत ओला फुगा सुमारे २२ अंशांवर येतो. दुसऱ्या दिवशी तापमान ३४ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के. ह्या हवेत ओला फुगा सुमारे २९ अंशांवरच थांबतो. म्हणजे वरवर सौम्य दिसणाऱ्या दुसऱ्या दिवशी धापेचा उपयोग कमी होतो!

आजरा सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहे. मे महिन्यात समुद्राकडून कोकणावरून येणारे दमट वारे घाट चढून इकडे पोहोचतात. दुपारी ढग जमतात, वळीव येण्याआधी वारा पडतो आणि अंगाची काहिली होते. तुमचा सदरा घामाने चिंब होतो, पण वाळत नाही. सदरा वाळत नसेल, त्या वेळी मोत्याची जीभही वाळत नसते. हा तुमच्या अंगावरचाच आर्द्रतामापक समजा आणि त्याचे ऐका.

पायांखालचा तवा

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपले डोके जमिनीपासून चार-पाच फूट उंच असते. मोत्याचे सारे शरीर जमिनीलगत असते. आजऱ्याच्या भोवती जांभ्या दगडाचे सडे आहेत. आजरा घनसाळ ह्या सुवासिक तांदळाची खाचरेही मे महिन्यात उघडी पडलेली असतात. उघडा दगड, उघडी माती आणि डांबरी सडक सूर्याचे प्रारण शोषून घेतात आणि दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. पृष्ठभागाचे तापमान ५० अंशांच्या पुढे जाणे मुळीच विशेष नाही. तुमच्या पायांत चपला असतात, मोत्या मात्र अनवाणी असतो. तळव्यांना चटके बसतात ते वेगळेच. शिवाय खालून मिळणारी उष्णता त्याच्या पोटाला लागते.

ह्यासाठी एक साधी कसोटी आहे. हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवा आणि सावकाश सात अंक मोजा. तुम्हांला हात ठेवणे असह्य झाले, तर त्या वाटेने कुत्र्याला नेऊ नका.

सडपातळ आणि लठ्ठ

कुत्र्याची अंगकाठीही महत्त्वाची असते. बाजू १ सेंटिमीटर असलेला घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. पृष्ठफळ २४ होते, पण घनफळ ८ होते. पहिल्यात एका घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळत होता, दुसऱ्यात तीनच मिळतो. उष्णता तयार होते ती घनफळात आणि बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणून मोठा, गोल, लठ्ठ प्राणी सावकाश थंड होतो. लांब, सडपातळ प्राणी चटकन थंड होतो.

ह्याचे एक उत्तम उदाहरण तुमच्या नदीच्या वाटेवरच आहे. हिरण्यकेशी पुढे गडहिंग्लजकडून कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. घटप्रभेच्या खोऱ्यात पुढे मुधोळ हे गाव लागते. तेथील मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले होते. लांब पाय, चिंचोळे पोट, अंगावर बारीक आखूड केस आणि लांबट नाक! दख्खनच्या उन्हात धावण्यासाठी ह्याहून सोयीचे शरीर कोणते असणार?

मग दाट केसांच्या वाघ्याचे केस मुळापासून कापून टाकावेत काय? नाही. केसांतील हवेचा थर थंडीत ऊब राखतो, तसा उन्हात सूर्याची आच कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. मेंढपाळाची घोंगडी ऊन आणि गारठा दोन्हींत उपयोगी पडते, तोच हा प्रकार. केस विंचरून गुंता काढावा, पण त्याला उघडा करू नये.

मोत्या थांबत नाही

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली तेथील पशुवैद्यांकडे आलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. उष्माघाताने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्रे खेळण्या-धावण्याच्या श्रमांमुळे आजारी पडले होते. बंद मोटारीत कोंडल्यामुळे आजारी पडलेले त्यापेक्षा पुष्कळच कमी होते. बंद मोटारही घातकच असते. काचेतून ऊन आत येते, पण तापलेली हवा बाहेर पडत नाही, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच आतले तापमान पंधराएक अंशांनी चढते. तरी त्याहून मोठे कारण ठरले ते साधे धावणे.

आणि तेही थंड हवेच्या देशात! ह्याचा अर्थ काय? आपण दमलो की सावली शोधतो, ‘मी आता येत नाही’ असे सांगतो. मोत्याला तसे सांगता येत नाही. तुम्ही चेंडू फेकला की तो धावणार, तुम्ही पुढे गेलात की तो मागोमाग येणार. आपल्या टोळीची साथ सोडायची नाही हा त्याचा स्वभावच आहे. कुठे थांबायचे हे तो ठरवीत नाही, म्हणून ते आपल्याला ठरवावे लागते. हवा कशी आहे, जमीन किती तापली आहे, पाणी किती उरले आहे, ह्यांचा विचार टोळीतल्या ज्याला करता येतो, त्यानेच तो केला पाहिजे.

सहल कशी आखाल?

उजाडताच निघा आणि ऊन चढण्यापूर्वी सावलीत पोहोचा. परतीची वाट सायंकाळी धरा. वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा. मघाच्या हिशेबाने १० किलोमीटर धावणाऱ्या मोत्याला केवळ वाफेसाठीच सुमारे २६० ग्रॅम पाणी लागते. जिभेवरून गळणारी लाळ वेगळी. म्हणून त्याच्यासाठी निदान एक लिटर पाणी आणि एक पसरट भांडे बरोबर ठेवा. थोडे-थोडे, पण वारंवार पाजा. नदीवर मोठे माणूस बरोबर असावे. शांत दिसणारा डोह किती खोल आहे हे वरून कळत नाही, तेव्हा कुत्र्यामागे पाण्यात उडी घेऊ नका.

धोक्याची चिन्हे ओळखायला शिका. सावलीत बसूनही धाप न थांबणे, जीभ रुंद होऊन फावड्यासारखी दिसणे, हिरड्या गडद लाल होणे, लाळ चिकट होणे, झोकांड्या जाणे, वांती होणे, हाकेला प्रतिसाद न देणे. ही चिन्हे दिसताच पुढीलप्रमाणे करा.

१. खेळ थांबवा. कुत्र्याला सावलीत न्या.

२. ताबडतोब अंगावर भरपूर पाणी ओता. पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू येथे केस विरळ असतात, तेथे आधी ओता. पाणी केसांतून कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. ‘फार थंड पाणी घालू नये’ असे पूर्वी सांगत. आता पशुवैद्य सांगतात की कुत्र्याहून थंड असलेले, हाताशी असेल ते पाणी वापरा. वेळ घालवू नका.

३. पाणी ओतताना टॉवेलाने किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. वाऱ्यामुळे बाष्पीभवन वाढते.

४. ओले पोते अंगावर पांघरून ठेवू नका. ते लवकरच गरम होते आणि वारा अडविते.

५. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, पण बळेच तोंडात ओतू नका. तोंड पाण्यात दाबूही नका.

६. आधी थंड करा आणि मग, थंड करीत-करीतच, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कुत्रा उठून चालू लागला तरी न्या, कारण आतील इंद्रियांची इजा काही तासांनी प्रकट होऊ शकते.

आणखी एक सूचना. ही मदत आपल्या ओळखीच्या कुत्र्यालाच करायची. अनोळखी कुत्रा लाळ गाळीत झोकांड्या खात असेल, तर त्याला पिसाळी रोगही झालेला असू शकतो. त्याच्या जवळ जाऊ नका, मोठ्यांना सांगा. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या.

करून पाहा

(१) दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा. सावलीत टांगून दोघांना सारखा वारा घाला. सकाळी सात वाजता, दुपारी एक वाजता आणि वळीव येण्यापूर्वी दोन्हींतील फरक वहीत लिहा. फरक जितका कमी, तितकी धाप निरुपयोगी.

(२) एक लहान आणि एक मोठा तांब्या घ्या. घरच्या मोठ्या माणसांकडून दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून घ्या. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कोणता तांब्या आधी थंड होतो?

(३) आपला कुत्रा सावलीत झोपला असताना त्याचे एका मिनिटातील श्वास मोजा. सकाळच्या थंड वेळी दहा मिनिटे खेळल्यावर पुन्हा मोजा. श्वास पहिल्या आकड्यावर यायला किती मिनिटे लागतात? हा प्रयोग दुपारी करू नका.

विचार करा

माठाभोवती ओले फडके गुंडाळले की पाणी आणखी गार होते. मग कुत्र्यावर ओले पोते पांघरणे अयोग्य का? माठाची भिंत आणि कुत्र्याचे केस ह्यांतील फरकाचा विचार करा.

म्हशी डोहात तासन् तास डुंबतात, शेळ्या मात्र उन्हात कड्यावर चरतात. ह्यामागे कोणती कारणे असतील?

तुमच्या गावाहून नदीपर्यंतच्या वाटेवर सावलीच्या जागा किती आहेत? पाणी कोठे मिळते? सहलीला निघण्यापूर्वी ह्या वाटेचा नकाशा काढा आणि त्यावर कुत्र्यांना विसावा देण्याच्या जागा दाखवा. असा नकाशा वर्गात टांगला, तर तो सर्वांच्याच उपयोगी पडेल.